घसे बघणारे परसूमामा

परसूमामा माणसाचं तोंड बघत नसत, घसा बघत. आपण अंगणात पाय टाकला की 'बस' म्हणायच्या आधी म्हणत, "आ कर. आनि मोठा. जीभ भाईर!" मग खिशातल्या आरशानं उन्हाचा कवडसा थेट घशात सोडत.

आमच्या गुंद गावात पडजीभ उचलावी ती मामांनीच. कुणाचा खोकला हटेना, की अंगठ्याला मीठ-हळद लावून ते लोंबलेली पडजीभ वर दाबत. त्याचं नवल नव्हतं. पण धडधाकट माणसांचेही घसे तपासत, हे मला अती वाटे. उळवीच्या जत्रेत त्यांनी एका बांगडीवाल्याला धंदा थांबवून आ करायला लावलं.

"काय झालंय मला?" तो घाबरला.

"काय न्हाई. झकास हाय," म्हणून मामा पुढं चालू लागले.

"मामा, लोक हसतात," मी म्हटलं.

"हसताना तरी तोंड उघडतात न्हवं, अक्का?"

एका दुपारी मी त्यांचं सूप परत द्यायला गेले. मामी ओसरीवर झोपल्या होत्या. त्यांचं घोरणं आख्ख्या आळीला पाठ होतं. मामा उशाशी बसलेले. एकाएकी घोरणं थांबलं. मामींची छाती उसळत होती, पण श्वास काही येईना. मामांनी खांदा गदगदा हलवला. मोठा आचका देऊन मामी पुन्हा घोरू लागल्या.

"हे रोजचं?"

"व्हय. तिची पडजीभ किती डाव उचलली. चावली मला, पर उतार न्हाई. म्हटलं, चांगला घसा कसा असतोय ते तरी बघावं. म्हणून बघत हिंडतोय."

"गावाचे घसे पुरे. उद्याच्या मोटारीनं मामींना बेळगावला न्यायचं. मी येते."

दवाखान्यात डॉक्टरांनी मामींना आ करायला सांगितलं, तोच मामा म्हणाले, "सायेब, आदी तुमचा बघू?"

डॉक्टर हसले, आणि त्यांनी खरंच आ केला. मामांची खात्री पटली. मग मामींची पाळी आली. पडजिभेच्या दोन्ही बाजूंच्या गाठी वाढून एकमेकींना टेकायला आल्या होत्या. निजल्यावर वाट बंद व्हायची. काढल्या तर बरं वाटेल, असं डॉक्टर म्हणाले.

"आनि मी उगं मधल्या बिचारीला बडवत बसलो!" मामा म्हणाले.

ऑपरेशन झालं. मामी दुपारच्या अगदी शांत झोपू लागल्या. बिघडलं ते मामांचं. ती शांतता त्यांना सोसेना. थोडा वेळ कान देऊन बसत, मग न राहवून मामींच्या पायाचा अंगठा हलवत.

"अगं, हाईस न्हवं?"

"हाय, हाय! निजू द्या की!"

तेवढं ऐकलं की मामा टोपी घालून शेताकडं जात.