चेंडूच्या कोटांत दोघी विहिणींचा तह जाहला त्याची हकीकत

॥ श्री कृष्णामाई समर्थ ॥ ऐकणारांस सुख असो, दूरदेशीं गेलेल्या लेकींस मायेचें माणूस मिळो, आणि लिहिणाराचे हातून अधिक-उणें न पडो. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध दशमी, आदितवार, ते दिवशीं सातां समुद्रांपलीकडील मुलखांत बेसबॉल म्हणोन जो खेळ आहे त्याचे थोर कोटांत जें वर्तमान जाहलें तें यथास्थित लिहितों.

कृष्णातीरीं मंदाकिनीबाई पिसाळ म्हणोन एक बाई होती. यजमान तरुणपणींच निवर्तले, पदरीं एकच लेक, नांव केतकी. बाईनें बाजारपेठेंत कापडाचें दुकान चालवोन लेक वाढविली, शिकविली, आणि ती शिकोन परमुलखीं गेली, आणि तेथेंच नेथन म्हणोन एक भला गृहस्थ पाहोन त्याशीं कचेरींत सही करोन तिनें लग्न केलें. ते समयीं बाईस व्हिसा वेळेवर मिळाला नाहीं, सबब लग्न फोनाचे पडद्यावर पाहिलें आणि अक्षता त्या पडद्यावरच टाकिल्या. पुढें केतकीस दिवस गेले, तेव्हां मात्र बाई बाळंतपण करावयास जातीनें समुद्र ओलांडोन गेली, आणि चैत्रांत नात जाहली.

त्या घरीं नेथनरावांची मातुश्री रूथबाई, तिचें येणें-जाणें रोजचें आणि अंमल पुरा. आपलेकडील रीत ऐसी कीं मुलाची आई ती थोर, मुलीचे आईनें मान लववोन उभें राहावें, मानपान चुकला तर भर मांडवांत रुसवा. मंदाकिनीबाई तो धाक मनीं धरोन विहिणीसाठीं पैठणी आणि चांदीचा करंडा घेऊन गेली होती. रूथबाईनें पैठणी भिंतीवर टांगिली आणि करंड्यांत गाडीच्या किल्ल्या ठेविल्या. बाईस तें बहुत लागलें. मग बाळंतिणीचे खोलीवरोन दोहों सत्तांत कलह पडला. इणें खिडक्या लावाव्या, तिणें उघडाव्या. इणें ओव्याची धुरी द्यावी, तों छतावरील धुराची घंटा बोंबलों लागावी आणि तिणें खुर्चीवर चढोन ती बंद करावी. इणें बाळास तेल चोळोन गुंडाळोन निजवावें, तिणें तेंच बाळ गाडींत घालोन थंडीवाऱ्यांत फिरवोन आणावें. एकीची भाषा दुसरीस येईना, सबब भांडण उघड जाहलें नाहीं, आणि न जाहलेलें भांडण घरांत अधिक जड होऊन राहिलें.

मंदाकिनीबाईचे मनांत भरलें कीं हे बाईचे हातीं आपली लेक सोडोन जाणें बरें नव्हे. मग एके दिवशीं केतकीस एकांतीं बसवोन म्हणाली, बाळ घेऊन मजबरोबर चल, सहा महिने माहेरीं राहा, पुढचें पुढें पाहूं. केतकीस आईचा शब्द मोडवेना आणि नवऱ्यास सोडवेना. नेथनरावांस ही कुणकुण लागली, ते अर्धें जेवोन उठों लागले, आणि बाईचा परतीचा दिवस तर जवळ आला. तेव्हां केतकीनें मसलत केली. रूथबाई त्या नगराचे बेसबॉल संघाची लहानपणापासोनची भक्त, तिजकडोन दोन तिकिटें आणविलीं, एक तिचें आणि एक विहिणीचें. मंदाकिनीबाईचे मनांत जाणें नव्हतें. परंतु लेक म्हणाली, "आई, माझ्यासाठी जा. तुम्ही दोघी घराबाहेर असलात तर मला एक दुपार झोप तरी लागेल." हें ऐकोन बाई वरमली, आणि जांभळें इरकल नेसोन, पायांत लेकीचे बूट घालोन निघाली.

कोट दुरोनच दिसों लागला. विटांची भिंत देवळाचे शिखराहून उंच, वर निशाणें, आणि चहूंकडोन माणूस लोटलेलें, सारें एका रंगाचे सदरे घालोन. दरवाज्यावर चौकी, तेथें पिशव्या उघडोन पाहात. बाईनें दशम्यांचा डबा घेतला होता, त्यांत लसणाची चटणी. पहारेकऱ्यानें ती लाल पूड पाहोन भिवई चढविली आणि डबा बाजूस ठेविला. बाई कानकोंडी जाहली. तों रूथबाई पुढें सरली, चटणींत बोट बुडवोन तोंडांत घातलें, आणि डोळ्यांतोन पाणी वाहात असतां पहारेकऱ्यास ठामपणें कांहीं सांगितलें. तो हंसला, डबा दिला, आणि दोघी आंत गेल्या. बाईनें पाण्याची बाटली विहिणीपुढें धरली. हें पहिलें देणें-घेणें.

मग जिना चढोन वर आल्या आणि एकाएकीं सारें मैदान नजरेस पडलें. बाईचा जन्म कापडांत गेलेला, तिला वाटलें कीं हिरव्या मखमलीचें कोरें ठाण कोणी उन्हांत उलगडोन ठेविलें आहे, त्यास कोठें सुरकुती नाहीं. भोंवतीं हजारों माणसें पायरीपायरीनें बसलेलीं. त्यांचे देशाचें गीत सुरू जाहलें, सारे टोप्या काढोन उभे राहिले, आणि बाईही पदर सांवरोन उभी राहिली. परमुलखाचें गीत खरें, परंतु इतकी माणसें एकदम शांत झालेलीं पाहोन तिला गहिंवर आला. रूथबाईनें तें पाहिलें आणि तिचे खुर्चीवर आपली शाल पसरोन दिली, कारण खुर्ची उन्हानें तापली होती. सुनेचे आईसाठीं वरमायेनें आसन घालावें हें बाईनें जन्मांत पाहिलें नव्हतें.

खेळास आरंभ जाहला. एक गडी मधोमध उंचवट्यावर उभा राहोन चेंडू फेंकी, दुसरा सोटा घेऊन मारावयास उभा, लागला तर चौकोनास वळसा घालोन पळे, आणि बहुतकरोन लागतच नसे. रूथबाई हाताचे खुणांनीं समजावी आणि बाई मान हालवी, परंतु कळलें थोडें. मग शेंगा विकणारा आला. त्यानें दहा माणसांवरोन पुडा भिरकाविला आणि रूथबाईनें तो अलगद झेलिला. शेंगा पाहोन बाईस माहेरचा माणूस भेटल्यासारखें जाहलें. भाजलेल्या, खारवलेल्या, टरफलासकट. दोघी फोडोन खाऊं लागल्या. बाई टरफलें रुमालांत जमा करी. रूथबाईनें हंसोन खूण केली कीं येथें टरफलें पायांशींच टाकावयाचीं, साऱ्या मुलखाची तीच चाल. बाईस तें रुचेना. रुमालांतलीं कांहीं खालीं सांडलीं, तीं वेंचावयास ती खुर्चीखालीं वांकली.

आणि त्याच क्षणीं सोट्यानें चेंडू आडवा लागला आणि तिरपा होऊन लोकांत घुसला. सारे ओरडले. बाईस ती भाषा कळली नाहीं, ती वांकलेलीच होती, आणि चेंडू नेमका तिचे मस्तकावर येत होता. रूथबाईनें मागेंपुढें न पाहतां डावा पंजा मध्यें घातला. लांकूड मोडावें तैसा आवाज जाहला, चेंडू पंजावर आदळोन पलीकडे उडाला, आणि बाईनें मान वर केली तों विहीण हात पोटाशीं धरोन पांढरीफटक बसलेली.

मग लोक धांवले. कोटांतील दवाखान्यांत दोघींस नेलें. मधलें बोट मोडलें होतें आणि शेजारचें सुजलें होतें, तेथील वैद्यानें पट्टी बांधोन दिली आणि इस्पितळीं जाऊन हाडाची तसबीर काढावी ऐसें सांगितलें. रूथबाईनें पुसिलें, खेळ संपल्यावर गेलें तर चालेल काय. वैद्य म्हणाला, चालेल. तेव्हां ती उठली आणि विहिणीस घेऊन परत जागेवर येऊन बसली. मंदाकिनीबाईनें फोन काढोन केतकीस लाविला, दोघींमध्यें धरिला, आणि लेकीस दुभाषी करोन म्हणाली, "त्यांना विचार, हात का मध्ये घातला?"

केतकीनें घाबरोन पुसिलें. रूथबाईनें आपले भाषेंत उत्तर केलें, आणि केतकीनें तें अडखळत आईस सांगितलें, "त्या म्हणतात, मला बोटं दहा आहेत. केतकीला आई एकच."

खेळ चालला होता, लोक टाळ्या वाजवीत होते, आणि बाई त्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहात राहिली. इतके दिवस ज्या हातानें खिडक्या उघडिल्या म्हणोन मनांत राग धरिला, तोच हात आपले मस्तकाआड आला. मग तिला आठवलें कीं लेकीचें लग्न कचेरींत जाहलें, त्यांत झाल राहिली. झाल म्हणजे लग्नाचे शेवटीं मुलीचे आईबापांनीं दिवे लावलेली टोपली वराकडील वडील माणसांचे मस्तकीं ठेवावी आणि मुलगी त्यांचे हवालीं करावी. येथें टोपली कोठली, दिवे कोठले. परंतु शेजारचे रिकामे खुर्चीवर कोणी खाऊन ठेविलेलें पुठ्ठ्याचें ताट होतें. बाईनें तें पुसोन घेतलें, उरलेल्या शेंगा आणि एक दशमी त्यांत ठेविली, उभी राहिली, आणि दोहों हातांनीं तें ताट विहिणीचे मस्तकीं ठेविलें.

"ही माझी एकुलती एक लेक," बाई म्हणाली. "आजपासून तुमची. चुकली तर रागवा, पण उपाशी झोपू देऊ नका."

मग केतकीनें फोनांतोन सांगावयास आरंभ केला, अर्ध्यांत थांबली, पुनः सांगितलें. रूथबाई खुर्चीवर ताठ बसलेली, डावा हात पट्टींत, उजवे हातानें मस्तकींचें ताट धरलेलें, डोळे भरलेले. मागें बसलेल्या गृहस्थास मैदान दिसेना, तो अदबीनें म्हणाला, बाई, तें जरा खालीं घ्याल काय. रूथबाईनें मान न वळवितां त्यास उत्तर दिलें, आणि केतकी हंसत रडत आईस म्हणाली, "आई, त्या त्याला म्हणाल्या, जरा थांबा, मला मुलगी मिळतेय."

मग रूथबाईनेंच पुसविलें कीं हें किती वेळ धरावयाचें. बाई म्हणाली, "झाली झाल. आता खाली ठेवा." ताट खालीं आलें, दशमीचे दोन तुकडे जाहले, आणि दोघींनीं खाल्ले. उपरांत बाईनें फोन आपले कानाशीं घेतला आणि लेकीस हळूंच म्हणाली, "तू इथंच राहा, बाळा. मी एकटी जाते." फोनांतोन आईस तिचा श्वास मोकळा झालेला ऐकूं आला.

त्या दिवशीं जय कोणत्या संघाचा जाहला हें मंदाकिनीबाईस पुढें कोणीं पुसिलें तर सांगतां येत नसे. इस्पितळांत मात्र रूथबाईचे शेजारीं तीच बसोन होती. पुढें विमान चढतेवेळीं रूथबाईनें वांकोन तिला नमस्कार केला, एकाच हातानें, कारण दुसरा बांधलेला. बाईनें तिला उठवोन मिठी मारिली आणि आशीर्वाद आपले भाषेंत दिला, त्यास दुभाषी लागली नाहीं.

येणेंप्रमाणें तह जाहला. बाळंतपणास गेलेली बाई लेक-नात न आणतां रिकामे हातीं आली म्हणोन गांवांत कोणी बोललें, तेव्हां ती म्हणाली, मी रिकामी आलें नाहीं, मला बहीण जाहली. उपकार देशाचा न मानावा, माणसाचा मानावा, आणि माणूस कोणते कोटांत भेटेल याचा नेम नाहीं. कथन संपूर्ण. ज्याची लेक दूर असेल त्यानें ऐकोन निश्चिंत व्हावें.