सासऱ्याच्या शेततळ्यात सर्फ-स्की

जिल्हा व्हायच्या आधीच जिल्हाध्यक्ष झालेला माणूस तुम्ही पाहिलाय? नसेल तर उदगीरला या आणि कापड लाईनीत सिद्धरामचं दुकान विचारा. मीच तो!

त्या उन्हाळ्यात उदगीर जिल्हा होणार अशी हवा पुन्हा उठली होती. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आमच्या गल्लीत टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही माहीत नव्हतं, पण जिल्हा होणार याबद्दल कुणाला शंका म्हणून नाही. आणि जिल्हा झाला की जिल्हा संघटना लागणारच. मग काय, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी लोकांनी पदं धरायला सुरुवात केली. कबड्डी अमृतराव आडत्यानं धरली. कुस्ती गेली, खो-खो गेला, कॅरमसुद्धा गेला. मी दुकानाचं शटर ओढून पोचेपर्यंत एकच खेळ उरला होता. नौकानयन!

अमृतराव पोट धरून हसला. म्हणाला, सिद्धराम, अंघोळीला पाणी नाही आणि नाव कशात घालतोस? मी त्याला शांतपणे सांगितलं की कबड्डीत तुझ्यामागं शंभर पोरं भांडत येतील, माझ्या खेळात अध्यक्षही मीच, सचिवही मीच आणि खेळाडूही मीच. राज्यात माझ्याइतकी एकजुटीची संघटना शोधून सापडायची नाही!

राज्य संघटनेला कळवलं. त्यांचा फोन आला की मान्यता मिळेल, पण निरीक्षक येतील आणि त्यांच्यासमोर तुमच्या खेळाडूनं पाण्यात नाव चालवून दाखवायची. सरावासाठी त्यांनी एक जुनी सर्फ-स्की पाठवून दिली. सर्फ-स्की म्हणजे समुद्राच्या लाटांवर चालवायची नाव. हिच्या आत बसत नाहीत, वर बसतात. पाय पुढं ताणून पेडलवर ठेवायचे, पेडल दाबलं की बुडाखालचं सुकाणूचं पातं फिरतं, आणि हातात दोन्ही टोकांना पंजा असलेलं वल्हं. लांबी एवढी की दुकानात ठेवली तर एक टोक गल्ल्याजवळ आणि दुसरं थेट रस्त्यावर! रुंदी म्हणाल तर माझ्या बैठकीपेक्षा कमीच. गिऱ्हाइकं तिच्यावर साड्या पसरून रंग बघू लागली. एका आजोबांना वाटलं नव्या पाणी योजनेची पायपं आली, आणि ते रोज येऊन पाणी कधी सुटणार ते विचारायला लागले.

घरी शिवगंगा, म्हणजे आमची बायको, काही बोलली नाही. तिला सवय आहे. गेल्या साली मी मधमाश्या पाळल्या होत्या, त्याच्या आदल्या साली ससे. मधमाश्या गेल्या, ससे राहिले आणि इतके झाले की वाटून संपेनात. तिचे वडील शंकरप्पा तर पाहुण्यारावळ्यांत उघड सांगायचे की आमचा जावई मनानं लई चांगला, पण एका जागी बसणारा न्हाई.

आणि सगळ्या पंचक्रोशीत नाव तरंगेल एवढं पाणी होतं ते नेमकं याच शंकरप्पांकडे. सासुरवाडीला त्यांची डाळिंबाची बाग आहे. बोअरला धार होती तेव्हा अप्पांनी थेंब थेंब साठवून शेततळं भरून ठेवलं होतं. चारी उतारांना काळं प्लास्टिक अंथरलेलं, वर हिरवंगार पाणी. पाऊस पडेपर्यंत बाग त्याच्यावरच जगवायची होती. बोअर केव्हाच आटली होती.

आम्ही दोघं तिथं गेलो. मी विषय काढला तेव्हा अप्पांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. मी अध्यक्षपदाचं महत्त्व समजावायला लागलो तर ते उठून गोठ्याकडं निघाले. तेवढ्यात चुलीजवळून शिवगंगा बाहेर आली.

"अप्पा, चालवू द्या त्यांना. यांच्यापायी तळ्यातलं पाणी वाया गेलं तर मी परत माहेरी पाय ठेवणार न्हाई."

अप्पा दारातच थांबले. माहेर म्हणजे या बाईचा जीव की प्राण. पंचमीच्या महिनाभर आधीपासून तिची पिशवी भरलेली असते. आणि ते माहेर तिनं माझ्या नावेवर लावलं! मला भरून आलं आणि धडकीही भरली.

सराव सुरू झाला. पोहायला मला येतं, पण त्या नावेवर बसायला येत नव्हतं. बसलो की डावीकडं पडायचो. डावीकडं पडू नये म्हणून उजवीकडं झुकलो की उजवीकडं पडायचो. बरं, पडल्यावर काठावर चढून यावं म्हटलं तर शेवाळलेलं प्लास्टिक! दोन पावलं वर, चार पावलं खाली. म्हणून अप्पांनी माझ्या कमरेला कासरा बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या हातात धरून काठावर खाट टाकून बसले. मी पडलो की ओढून घ्यायचे. पण वर आलो म्हणून सुटका नव्हती. बनियन काढायचं, तळ्यात पिळायचं. धोतर पिळायचं. मग उतारावर उकिडवं बसून निथळायचं. डोक्याचं पाणीसुद्धा त्यांनी मला एकदा तळ्याकडे तोंड करून झटकायला लावलं.

पण सांगतो, जमलं हो! हळूहळू मी या काठापासून त्या काठापर्यंत न पडता जायला लागलो. वळायचं तेवढं साधत नव्हतं. वळताना नावेचं शेपूट उताराला घासायचं, पण प्लास्टिकला काही होत नव्हतं. अप्पा तिथं हात लावून बघायचे आणि मान हलवायचे. खाटेवरनं एकदा तर ते मला "बरं चाललंय" असंही म्हणाले. लग्नाच्या जेवणानंतर त्यांनी माझं कौतुक केलेलं मला तरी आठवत नाही.

इथवर सगळं नीट होतं. पण मी पडलो कापडवाला माणूस. निरीक्षक येणार त्याच्या आदल्या दिवशी नाव उलटी करून पुसायला घेतली तर बुडाखालचं पोलादी पातं दिसलं. बोथट! ठार बोथट! मला कुठलंही पातं बोथट बघवत नाही. धारेशिवाय कापड कापत नाही, तर पाणी कसं कापणार? नाव वळत नाही ती यानंच, हे मला लख्ख कळलं. पातं काढलं आणि दुकानातल्या कात्र्यांबरोबर धारवाल्याकडे दिलं. त्यानंही जीव ओतून काम केलं. केस धरला तर तुटत होता!

दुसऱ्या दिवशी निरीक्षक आले. कोकणातले सज्जन गृहस्थ. तळ्याच्या काठावर उभं राहून त्यांनी विचारलं की पाणी कुठल्या बाजूला आहे. हेच पाणी, म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला. अख्खं गाव जमलं होतं. अमृतरावही खास उदगीरहून आला होता. शिवगंगा निंबाखाली बायकांत बसली होती. अप्पा कासरा धरून खाटेवर.

मी निघालो. काय निघालो म्हणता! वल्हं डावीकडं, वल्हं उजवीकडं, नाव सरळ चाललेली. काठावर टाळ्या पडायला लागल्या. मला वाटलं, आता वळूनही दाखवावं. समोरचा काठ जवळ आला तसं मी डावं पेडल पूर्ण दाबलं. आणि नाव वळली! झोकात वळली, फक्त तिचं शेपूट उतारावर चढलं.

चर्रर्र!

तो आवाज तळ्यावर कुणाला कळला नसेल, मला कळला. जन्म गेलाय माझा तो आवाज ऐकण्यात. ताणलेल्या कापडातून धारदार कात्री सरळ गेली की अगदी अस्साच आवाज येतो. खाली पाहिलं, तर पाण्याखाली हातभर चीर, आणि तिच्यातून बुडबुडे वर येत होते. पाणी मातीत चाललं होतं.

अप्पा खाटेवरनं उठले. निंबाखाली शिवगंगा उभी राहिली. तिच्या तोंडावरचा रंग उडालेला मला इतक्या लांबून दिसला. पद गेलं खड्ड्यात! मी नाव सोडली, पाण्यात उडी टाकली, उतारावर ती चीर हातानं चाचपली आणि तिच्यावर बसलो.

बुडबुडे थांबले.

पाणी छातीपर्यंत होतं. जरा हललो की खालून गार ओढ लागायची. अप्पा कासरा घेऊन काठाकाठानं धावत माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले. खाली वाकून बघितलं.

"जावईबापू, हलू नका," ते म्हणाले.

आता प्रश्न असा की पाण्याखालची चीर जोडायची कशी? ठिगळ चिकटवायचं तर प्लास्टिक कोरडं पाहिजे, म्हणजे पाणी चिरेच्या खाली उतरलं पाहिजे. अप्पांनी ठरवलं, मोटार लावायची आणि वरचं सगळं पाणी बागेला द्यायचं. मातीत मुरण्यापेक्षा झाडाच्या पोटात गेलेलं बरं. पण मोटारीला लाईट पाहिजे, आणि आमच्याकडं शेतीची लाईट दुपार कलल्यावर येते. तोवर मी बसून.

निरीक्षक बिचारे काठावर उकिडवे बसले आणि प्रात्यक्षिक पुढं चालू होईल का, असं त्यांनी अदबीनं विचारलं. मी म्हणालो, साहेब, सध्या उठता येत नाही. त्यांनी ताक घेतलं, पुन्हा एकदा तळ्याकडं पाहिलं, आणि पाणी असलेल्या जिल्ह्यातून अर्ज करा म्हणून गाडीत बसून गेले. अमृतराव आनंदानं त्यांच्याच गाडीतून उदगीरला गेला. खरं सांगतो, मला काहीच वाटलं नाही. माझं सगळं ध्यान बुडाखाली होतं.

लाईट आली. मोटार सुरू झाली. डाळिंबांना त्या उन्हाळ्यात मिळालं नव्हतं एवढं पाणी मिळायला लागलं. आणि इकडं मी हळूहळू उघडा पडायला लागलो. आधी छाती, मग पोट, मग धोतराच्या निऱ्या. बायका पदराआड हसत होत्या. पोरांनी तर मी कुठपर्यंत दिसतो यावर पैजा लावल्या. अप्पा कासरा सोडायला तयार नव्हते. गडी म्हणाला मी धरतो, तर त्याला म्हणाले, तू मोटार बघ.

चीर उघडी पडली, पुसून कोरडी झाली, ठिगळ बसलं. अप्पांनी मला वर ओढलं. पाय आखडलेले, अंग सुरकुतलेलं, मी तिथंच चिखलात टेकलो. शिवगंगा टॉवेल घेऊन आली, पण माझ्याकडं न देता आधी वडिलांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"अप्पा, माझा शब्द गेला. आता मी येऊ का नको?"

अप्पांनी खाली गेलेल्या पाण्याकडं पाहिलं, मग भिजलेल्या बागेकडं.

"पाणी वाया गेलं न्हाई, गंगे. झाडांनी पिलं. तू कवाबी ये, तुझंच घर हाय." मग त्यांनी माझ्या कमरेचा कासरा सोडला, नीट गुंडाळला आणि म्हणाले, "जावईबापूंना मात्र पाऊस पडल्यावर आण."

त्या साली पाऊस धो धो पडला. तळं काठोकाठ भरलं, म्हणे. शिवगंगा पंचमीला जाऊन आली, दिवाळीला जाऊन आली, संक्रांतीचं वाण घेऊन आली.

मला बोलावणं अजून यायचंय.