झेलणार कोण?

वजनमापे पडताळणी कार्यालयाच्या मुख्य साहेबांनी रविवारी नातवाबरोबर नाचाच्या स्पर्धेवरचा एक सिनेमा पाहिला आणि सोमवारी कार्यालयात एकजुटीचा अभाव असल्याचे त्यांच्या निदर्शनास आले. सिनेमा तसा साधाच होता. एका गल्लीतली भांडकुदळ पोरे एकत्र येतात, शेवटच्या फेरीत सगळ्यांत हलक्या गड्याला उंच उडवतात आणि तो खाली येताना सगळे जिवाच्या आकांताने धावून त्याला झेलतात. या ठिकाणी साहेब रडले होते. साहेब रडले म्हटल्यावर प्रकरण घरच्या घरी मिटणे शक्यच नव्हते.

सर्व कर्मचाऱ्यांना तो सिनेमा कार्यालयीन वेळेत दाखवण्यात आला. दुकानदार शिक्का मारून घ्यायला आणलेले तराजू मांडीवर घेऊन बाहेर ताटकळत राहिले आणि आत काळोखात प्रत्येक विभाग आपापल्या खुर्च्या वेगळ्या ओढून एकजूट पाहत बसला. दिवे लागल्यावर साहेबांनी विचारले, "काय शिकलात?"

"उडवायला," हिशेबनीस म्हणाले. ते उत्तर बरोबर धरण्यात आले.

सरकारी कार्यालयांच्या नृत्यस्पर्धेत उतरायचे ठरले. उडवण्यासाठी सर्वांत हलका माणूस निवडायचा होता. कार्यालयातले काटे नेहमीप्रमाणे दुरुस्तीला गेलेले, म्हणून एका रद्दीवाल्याकडून जप्त केलेला काटा बाहेर काढला. तो वजन कमी दाखवतो म्हणूनच जप्त झाला होता. साहजिकच सगळेच हलके भरले. आस्थापना विभागाच्या बाई तर पुन्हा एकदा चढून आल्या. निकालावर कोणाचीच हरकत आली नाही आणि आवक-जावक टेबलावरचा कारकून सर्वांत हलका ठरला. त्याला आधीपासूनच सगळे काडीपैलवान म्हणत.

काडीपैलवानाने घरी जेवताना ही बातमी मोठ्या अभिमानाने सांगितली.

"उडवणार कोण?" बायकोने विचारले.

"चौघं जण. त्यावरून तर मारामारी चाललीय. साहेब समोरच बसणार ना!"

"आणि झेलणार कोण?"

"अगं, सगळेच."

"सगळे म्हणजे कोण? एकाचं तरी नाव सांगा."

तो घास हातात धरून आठवत राहिला. आमटी निवली तरी एकही नाव आठवले नाही. तेव्हा मात्र त्याला खरोखर भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने हिशेबनिसांना गाठले. ते म्हणाले, "माझ्याकडे उडवायचं काम आहे बाबा. आज झेललं, तर ते कायमचं माझ्याच गळ्यात पडेल."

काटे निरीक्षकांनी अनुभवाचे बोल ऐकवले. "हे बघ, तू पडलास तर चौकशीत काय विचारतात? शेवटचा हात कोणाचा लागला होता! ज्यानं हातच लावला नाही, तो सुटतो. मी तुला परका समजतो असं नाही, पण मलाही बायकापोरं आहेत."

आस्थापनेच्या बाईंनी तर नियमच काढला. "तुम्ही वर जाणार, ती जावक. खाली येणार, ती आवक. दोन्ही कामं तुमच्याच टेबलाची. खरं म्हणजे तुमचं तुम्हीच झेलायला हवं."

हे त्याला पटले नाही, पण खोडताही येईना. शेवटी तो साहेबांसमोर उभा राहिला. साहेब कळवळून म्हणाले, "अरे, सिनेमा पाहिलास ना? त्यातल्या पोरानं विचारलं होतं का कुणाला? विश्वास ठेव!" आणि त्यांनी तिथल्या तिथे आदेश काढला, 'खाली येणाऱ्या कर्मचाऱ्यास सर्वांनी मिळून झेलावे.' सगळ्यांनी हसत सह्या केल्या. 'सर्वांनी' असे म्हटले की प्रत्येक जण मोकळा होतो, हे कार्यालयात कोणाला शिकवावे लागत नाही. सरावात उडवले तर अपघात होईल, म्हणून तेवढा भाग थेट स्पर्धेतच करण्याचेही ठरले.

स्पर्धेच्या दिवशी पडद्यामागे काडीपैलवान एकेकाला विचारत होता, "झेलाल ना?"

"आम्ही आहोत ना!" सगळे म्हणाले, आणि पाठीवर थापही मारली.

उडवणे अप्रतिम झाले. साहेबांच्या देखत चौघांनीही जीव ओतला. काडीपैलवान दिव्यांच्याही वर गेला. तिथून त्याला दिसले, की खाली सगळे हात पसरून, साहेबांकडे तोंड करून, ठरल्याप्रमाणे हसत उभे आहेत. हाक मारायची तर कोणाला, हे त्याला अजूनही ठाऊक नव्हते. तो पडला. डाव्या पायाचे हाड मोडले. संगीत संपेपर्यंत कोणी हसू ढळू दिले नाही.

परीक्षक भारावून गेले. "सहकारी समोर कोसळला, तरी एकही जण जागचा हलला नाही! असा ताळमेळ आम्ही आजवर पाहिला नव्हता." सांघिक कामगिरीची ढाल याच कार्यालयाला मिळाली. ती घेताना साहेबांच्या घामेजल्या हातातून निसटली, तेव्हा मात्र सगळेच्या सगळे जिवाच्या आकांताने धावले. हिशेबनीस पालथे पडले, निरीक्षकांचा चष्मा फुटला, बाईंनी गुडघा फोडून घेतला, पण ढाल जमिनीला लागू दिली नाही.

तीच ढाल घेऊन मंडळी दवाखान्यात आली. "मला वाटलं, हे झेलतील," प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवून सांगितले. काडीपैलवानाच्या बायकोने ढाल उचलून पलंगाखाली सरकवली आणि म्हणाली, "मी एकाचंच नाव विचारलं होतं."

त्या नाचाचा व्हिडिओ पुढे खूप फिरला. तुमच्याकडेही आला असेल. तुम्ही त्याला अंगठा दिलात, 'याला म्हणतात एकजूट' असे लिहून चार ओळखीच्यांना पाठवलात. पडणारा माणूस त्यात अगदी स्पष्ट दिसतो. त्याचे पुढे काय झाले, हे कोणीतरी विचारले असेलच, असे तुम्हालाही वाटले.