पिंपातलं पाणी आणि बारावं झाड

तराजूकाकांनी जेवणाच्या टेबलावर फोन ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि परगावी नोकरीला असलेल्या मुलाला सांगितलं, "अडीच महिने दे मला. एक किलो टोमॅटो, माझ्या तराजूवर, तुझ्या डोळ्यांसमोर. एक ग्रॅम कमी भरला तर खुशाल फरश्या घाल."

तराजूकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता शेजाऱ्यांनाही आठवत नसे. पस्तीस वर्षं ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. पारड्याखाली चुंबक चिकटवणारे, लिटरच्या मापाचा तळ आतून ठोकून वर आणणारे, वजन करताना अंगठा हळूच टेकवणारे, असे नाना तऱ्हेचे लोक त्यांनी पकडले होते. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना एक पितळी तराजू दिला. तो बैठकीच्या खोलीत देवासारखा उभा होता आणि काका दर रविवारी त्याला पुसत.

फरश्यांचं प्रकरण असं होतं. घरामागे चार पावलं रुंद आणि दहा पावलं लांब असा एक वाफा होता. वीस वर्षं त्यात काकूंचे टोमॅटो होत. दोन वर्षांपूर्वी बोअरचं पाणी खारट झालं आणि वाफ्याचे दिवस फिरले. पानांच्या कडा करपत, मातीवर पांढरा थर येई, आणि फुलं येण्याआधीच झाडं मान टाकत. मुलाने नुकतीच गाडी घेतली होती. ती तो इथे सूनबाईसाठी आणून ठेवणार होता. सूनबाई औषधांच्या दुकानात कामाला होती आणि रोज दोन बस बदलून जाई. गाडी लावायला मागची जागा नामी होती. मुलगा वाईट नव्हता. आईने खारट मातीत उगाच कंबर मोडून घेऊ नये, हेही त्याच्या मनात होतं.

काकू लगेच म्हणाल्या, "घाला की फरश्या, मला तरी कुठे वाकवतंय आता." मग त्या मागच्या दारी गेल्या, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून मोकळ्या वाफ्याकडे बघत राहिल्या. काकांनी ते खिडकीतून पाहिलं. म्हणून तो फोन.

शब्द दिल्यावर काका कामाला लागले. त्यांनी पुस्तकं आणली, कृषी खात्यातल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाला तासभर पिडलं आणि पाण्यातला खार मोजायचं पेनाएवढं मीटर विकत घेतलं. बोअरच्या पाण्याचा आकडा आला दोन हजार सहाशे. विकत येणाऱ्या पिण्याच्या पाण्याच्या जारचा सत्तर. मातीत शेणखत आणि जिप्सम गेलं. वरंबे घातले गेले आणि रोपं माथ्यावर न लावता कुशीला लागली, कारण खार वर चढून माथ्यावर जमतो. पाचोळ्याचं जाड पांघरूण पडलं. पाणी रोज थोडं थोडं न देता आठवड्यातून दोनदा, पण भरपूर द्यायचं, म्हणजे खार मुळांच्या खाली निघून जातो. पानांवर एक थेंब उडता कामा नये.

"आणि मुख्य नियम," काका वाफ्याच्या कडेला उभे राहून म्हणाले, "झाडांना पाणी फक्त बोअरचं. पिण्याचं गोडं पाणी एक चमचाही नाही. खारट पाण्यावर पिकवून दाखवतो असं मी म्हटलंय. पाण्यात लबाडी म्हणजे वजनात लबाडी."

काकूंनी मान हलवली. सूनबाईनेही हलवली. काकांनी स्वतःचीही हलवली.

एकूण बारा रोपं होती. अकरा वरंब्यांवर लागली. बारावं उरलंसुरलं, काडीसारखं, ते काकांनी पाण्याच्या टाकीमागच्या अरुंद पट्ट्यात खोचलं. वहीत त्याच्यापुढे लिहिलं, 'बारावं. नापास.' पाणी आणि पाचोळा मात्र इतरांइतकाच. निरीक्षकाने पक्षपात करायचा नसतो.

तिसऱ्या आठवड्यात ऊन तापलं आणि अकराही झाडांची पानं दुपारी लोंबायला लागली. काकूंच्या जिवाची घालमेल झाली. काका डुलकी घेत असताना त्या स्वयंपाकघरातल्या, जारचं पिण्याचं पाणी ओतून ठेवलेल्या पिंपाशी गेल्या आणि त्यांनी एक जग भरला. इथे अडचण आली. पिंपाच्या आतल्या बाजूला काकांनी रंगाने लिटरच्या खुणा केल्या होत्या, आणि किती पाणी संपलं ते रोज संध्याकाळी बघून ते वहीत लिहीत. मग काकूंनी काढलं तेवढं पाणी बोअरच्या नळाचं भरून पिंपात ओतलं. चाळीस लिटरात एक जग, कोणाला कळणार आहे?

सूनबाई उघडपणे फरश्यांच्या बाजूची होती, गाडी तिच्यासाठीच येणार होती. पण सासूबाई पालथ्या बादलीवर बसलेल्या तिनेही पाहिल्या होत्या. सकाळी कामाला निघताना ती आपली पाण्याची बाटली पिंपातून भरी, वाफ्यापाशी चप्पल अडकल्याचं निमित्त करून थांबे आणि बाटली रिकामी करी. एक बाटली, मग दोन, मग डब्याच्या पिशवीत लपवलेली तिसरी. पिंपातली पातळी तीही इमानदारीने बोअरच्या पाण्याने भरून काढी.

झाडं तरारली. काका खूश झाले. रोज संध्याकाळी पिंपात डोकावून ते म्हणत, "चोख हिशोब. एक पेलासुद्धा इकडचा तिकडे नाही."

चहाची चव मात्र बदलली. पहिल्यांदा काकूंना वाटलं, आपल्या जिभेलाच काहीतरी झालंय. सूनबाईला कळलं, पण बोलली असती तर बाटल्यांचं बिंग फुटलं असतं. ती मुकाट्याने साखर वाढवून घेऊ लागली. आश्चर्य म्हणजे काकाही, जे एरवी चहात पाऊण चमचा साखरेऐवजी एक चमचा पडली तरी कप परत पाठवत, ते गप्प बसून कप संपवत. तिघंही जण एकमेकांसमोर बसून तो चहा प्यायचे आणि हवापाण्याच्या गप्पा मारायचे.

मग काकांचं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं. काकूंनी भाजीतलं मीठ काढलं, भातातलं काढलं, मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली. पुढच्या खेपेला प्रेशर आणखी वर. डॉक्टर बुचकळ्यात पडले. "चोरून खाता का काही?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "आयुष्यात मी चोरून काही केलेलं नाही." असं म्हणताना त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सूनबाई शेजारीच उभी होती. तिने त्या दिवशी मनाशी ठरवलं की उद्यापासून बाटल्या बंद. पण दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिसऱ्या झाडाला फळ धरलं होतं, हिरवंगार, लिंबाएवढं. आता कसं बंद करणार?

अडीच महिने भरले तो रविवार उजाडला. मुलगा नवी गाडी घेऊन आला आणि त्याने ती तात्पुरती फाटकाबाहेर लावली. फरशीवाल्याला त्याने सोमवारी बोलावून ठेवलं होतं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तराजू बैठकीच्या टेबलावर आला, पारडी रिकामी असताना काटा मधोमध असल्याचं मुलाला दाखवलं गेलं, आणि काकूंनी परडीतले टोमॅटो एक एक करून पारड्यात ठेवले. दुसऱ्या पारड्यात किलोचं वजन. शेवटचे दोन टोमॅटो बाकी असतानाच टोमॅटोंचं पारडं खाली टेकलं. एक किलो आणि वर दीडशे ग्रॅम.

काकू हसल्या. गेल्या दोन वर्षांत त्या तशा हसल्या नव्हत्या, आणि ते घरात सगळ्यांना कळलं. मुलगा म्हणाला, "हरलो, बाबा. फरशीवाल्याला नको म्हणून कळवतो. चहा टाक आई, मग गाडीचं दुसरं काहीतरी बघू."

चहा आला. मुलाने घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"आई, साखरेच्या डब्यात मीठ भरलंयस का?"

"नाही, छान आहे की," तिघं एका सुरात म्हणाली.

मुलाने चूळ भरायला पिंपातून पेलाभर पाणी घेतलं. ते तर चहापेक्षा खारट निघालं. "तुम्ही हे पिता? रोज?" तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.  काकांच्या खिशात मीटर होतं, आणि समोर न मोजलेली वस्तू दिसली की त्यांना राहवत नसे. त्यांनी ते पेल्यात बुडवलं. सतराशे. मग ते वाफ्यातून मूठभर माती घेऊन आले, मुलाच्या बाटलीतलं थोडं पाणी दुसऱ्या पेल्यात घेऊन त्यात ती कालवून गाळली, त्यात मीटर बुडवलं. नऊशे.

"म्हणजे टोमॅटो तुमच्यापेक्षा चांगलं पाणी पितायत," मुलगा म्हणाला.

काकूंनी पदराशी चाळा केला. "मी रोज एक जग द्यायचे. फार केविलवाणी दिसायची रे दुपारची."

"आई, तुम्हीपण?" सूनबाई म्हणाली आणि जीभ चावली. मग तीन बाटल्यांचं तिनेही सांगून टाकलं.

मुलाने मनातल्या मनात हिशोब केला. "एक जग आणि तीन बाटल्यांनी पाणी इतकं खारट नाही होणार."

काका चष्मा पुसत होते. तो केव्हाच लख्ख झाला होता, तरी पुसत होते. काकूंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तेवढं पुरतं.

"मी दोन जग," काका म्हणाले. "सकाळी तू अंघोळीला गेलीस की. एकदाच द्यायचं ठरवलं होतं. मग पातळी भरून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी हात आपोआपच गेला."

सूनबाईला हसू आवरेना. मुलगाही हसला. काकू तर डोळे पुसत हसत होत्या. एकटे काका हसत नव्हते. त्यांनी उठून तराजूतले टोमॅटो परत परडीत भरले आणि वजन डबीत घातलं.

"हे वजन रद्द," ते म्हणाले.

मुलाने सांगून पाहिलं की बाबा, मला मान्य आहे, विषय मिटला. काका ऐकेनात. पस्तीस वर्षं लोकांच्या मापांवर शिक्के मारले, आता स्वतःच्या घरात अंगठा टेकवून जिंकायचं? शब्द म्हणजे शब्द, उद्या फरशीवाला येऊ दे. काकूंचं हसू मावळलं. "तुमच्या शब्दापायी माझा वाफा जाणार," एवढंच त्या म्हणाल्या आणि मागच्या दारी निघून गेल्या. काकांचा चेहरा पडला. ज्या माणसासाठी सगळा खटाटोप केला, त्याच माणसाचं मन मोडलं होतं, आणि मागे फिरायची वाट त्यांनी स्वतःच बंद केली होती.

थोड्या वेळाने काकूंचा आवाज आला. "अहो, जरा इकडे या."

त्या टाकीमागे उभ्या होत्या. तिथे बारावं झाड होतं. बुटकं, जाड पानांचं, गुडघ्याएवढं. त्याला पाच टोमॅटो लागले होते, लहान आणि लालभडक. हे झाड कोणाच्या ध्यानातच नव्हतं. काकूंना ते स्वयंपाकघरातून दिसत नसे, सूनबाईच्या वाटेवर ते नव्हतं, आणि काकांनी त्याला आधीच नापास केलं होतं. त्याला मिळालं होतं ते फक्त आठवड्यातून दोनदा बोअरचं पाणी आणि पाचोळ्याचं पांघरूण, वहीत लिहिल्याबरहुकूम.

काकांनी तराजू बाहेर आणायला लावला. पाच टोमॅटो, दोनशे दहा ग्रॅम. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "किलोला सातशे नव्वद कमी."

पारडं हलकं झाल्यासारखं वाटलं म्हणून त्यांनी पुन्हा पाहिलं, तर चारच टोमॅटो होते. मुलगा काहीतरी चावत होता.

"पुरावा आहे तो," काका म्हणाले.

 मुलाने दुसरा उचलला, अर्धा बायकोला दिला. तिने खाल्ला आणि डोळे मोठे करून नवऱ्याकडे पाहिलं. काकूंनी एक काकांच्या हातात दिला. काकांनी तो संशयाने चाखला. गोड होता. अकरा झाडांच्या किलोभर टोमॅटोंत मिळून नव्हता एवढा गोड.

"खाराने फळ लहान राहतं, पण गोड होतं असं पुस्तकात होतं," काका हळूच म्हणाले. "माझा विश्वास नव्हता बसला."

मुलाने फरशीवाल्याला फोन लावला आणि उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. काका काही बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "बाबा, तुमचा तराजू तुम्ही सांभाळा. जागा कशी वापरायची ते मी ठरवतोय. पुढच्या वेळी बाराच्या बारा झाडं अशी लावा. गाडी राहील फाटकाबाहेर."

 काकांनी आत जाऊन वही उघडली, 'नापास' खोडलं आणि शेजारी सही केली.

दुपारी सगळ्यांचे घसे कोरडे पडले होते. पिंपातलं पाणी आता माहीत असून कोण पिणार? जारवाला सोमवारीच येणार होता आणि काकू शेजारी मागायला जायच्या बेतात होत्या. काका बारावं झाड पुन्हा एकदा बघायला म्हणून मागे आले, तर टाकीआड मुलगा उकिडवा बसलेला. प्रवासातली पाण्याची बाटली त्याच्या हातात होती आणि तो इकडे तिकडे बघत ती बुंध्याशी तिरपी करत होता.

"काय चाललंय?"

मुलगा दचकला. "काही नाही. थोडंसंच. पानं जरा मलूल वाटली."

काकांनी त्याच्या हातातून बाटली काढून घेतली. "लाडावू नकोस त्याला," ते म्हणाले, आणि उरलेलं पाणी डोळे मिटून स्वतः पिऊन टाकलं.