तिसरा नॉब

शहादेव ओव्हाळांच्या भीमगीत पार्टीचा स्पीकर जळाला, तेव्हा जयंती आठ दिवसांवर आली होती. "स्पीकर न्हाई तर शेजारच्या युसूफ वडगाव गावची पार्टी सांगू," असं जयंती कमिटीनं सुनावलं. नांदूरघाटात तीस वर्षं शहादेवशिवाय जयंती वाजली नव्हती. त्याच्या जिवाला घोर लागला.

अशात पुण्याहून साने नावाच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांना जुनी वाद्यं जमवण्याचा नाद. शहादेवचा वडिलांच्या वेळचा बेस गिटार त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिला होता.

"बेस आहे ना अजून?"

"लई बेस हाय. तुमी कसे हाव?"

"अहो, गिटार विचारतोय!" साने म्हणाले. पुढं फोन तुटायला लागला. "त्या साली तीन नॉबचे... फार थोडे निघाले... तसा असेल तर बदल्यात नवा बेस आणि मोठा स्पीकर देतो. उद्या येतो."

शहादेवनं बेस उलटासुलटा करून पाहिला. नॉब दोनच.

"तिसरा बसवू की दाजी, त्यात काय!" मेहुणा बंकट म्हणाला. तो दूध संस्थेत कामाला होता. दुष्काळामुळं म्हशी चारा छावणीत गेल्यापासून संस्थेत दुधाचा थेंब येत नव्हता. "दूधच न्हाई तर फॅट कशाचं मोजायचं?" असं म्हणत त्यानं फॅट मशीनचा नॉब उपटला, बेसला भोक पाडलं आणि वायरसकट बसवला. नॉबखालची पट्टीही सोडली नाही. तिच्यावर एकीकडे 'गाय' आणि दुसरीकडे 'म्हैस' लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बेस पाहून साने मटकन खालीच बसले.

"अहो, तीन नॉबचे ढिगानं निघाले! दोन नॉबचे थोडे, असं म्हटलं होतं मी!"

शहादेवच्या तोंडचं पाणी पळालं. दुष्काळात तेवढंच काय ते उरलं होतं.

"आणि हे गाय-म्हैस काय? असला बेस अख्ख्या जगात दुसरा नसेल!" साने ओरडले.

तेवढ्यात नॉबच्या तपासाला संस्थेचे चेअरमन आबासाहेब तणतणत आले. हे शेवटचं वाक्य कानावर पडलं आणि त्यांचा राग जागीच विरघळला.

"जगात एकच? आन् त्येला नॉब आपल्या संस्थेचा?" त्यांनी छाती फुगवली. "शहादेव, नॉब काढू नको. सभासदांना बोलवायचा संस्थेचा स्पीकर पडूनच हाय. जयंतीला घिऊन जा."

जयंतीला बेस असा घुमला, की युसूफ वडगावचा बेसवाला गर्दीतून वाट काढत पुढं आला.

"दादा, आवाज एवढा घट्ट कावून येतोय?"

"म्हशीवर ठेवलाय," शहादेव म्हणाला.