खोब्रागडे सरांची कात्री

खोब्रागडे सर कोणाच्याही घरी जेवायला जाताना खाण्याचं बंद पाकीट नेतात आणि ते सगळ्यांसमोर कात्रीने उघडतात. कात्री त्यांच्या खिशात असते. आधी पाकिटावरची शेवटची तारीख मोठ्याने वाचायची, मग पाकीट फिरवून सगळ्यांना दाखवायचं, जादूगार रिकामी टोपी दाखवतो तसं, आणि मग कापायचं. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या आमच्या मराठी मंडळींत पॉटलक असलं की जो तो घरून काहीतरी करून आणतो. सर बाकरवडी आणतात, सीलबंद.

"कत्तलखान्यातला माणूस आहे मी," ते म्हणतात. "कोणाला शंका नको."

सर नागपूरचे, पशुवैद्यक. इथल्या एका कत्तलखान्यात जनावर आत जाण्यापूर्वी ते तपासायचं आणि सही करायची, ही त्यांची नोकरी. पन्नाशी उलटली आहे, एकटे राहतात, फोन उचलताना 'जय भीम' म्हणतात. त्यांचं ठेवणीतलं वाक्य एकच आहे: "आधी श्वास बघा. भावना नंतर." दिवाळीच्या हॉलच्या बुकिंगवरून आमचे आजी-माजी अध्यक्ष एकमेकांच्या अंगावर धावले, तेव्हाही सरांनी मध्ये पडून हेच सांगितलं होतं.

आणि देवमासे. त्यांच्याबद्दल सरांना एकदा विचारलं की जेवण थंड होतं. "नावच चुकलंय," इथून सुरुवात. "देवही नाही आणि मासाही नाही. सस्तन आहे. आपल्यासारखी फुप्फुसं." त्यातही पायलट व्हेल त्यांच्या खास जिव्हाळ्याचे. त्यांचा कळप आईचा असतो, मुलगे-मुली वाढले तरी आईला सोडून जात नाहीत. उत्तरेच्या फेरो बेटांवर लोक बोटींचं अर्धं कडं करून असे कळप खाडीत हाकतात आणि मारतात, हे आमच्या शाकाहारी मंडळींना ऐकवत नाही. सर त्यांना शांतपणे सांगतात, की मारायचंच तर मानेच्या मणक्यावर एका घावात मारावं, आणि तिथे पुढे गावातल्या प्रत्येक घराला वाटा जातो. "गावाबाहेरचा कोणी नसतो तिथं." हे म्हणताना ते कोणाकडेच बघत नाहीत. मग आम्ही कोणीतरी चहाचं विचारतो.

गेल्या उन्हाळ्यात मी, माझी बायको मेधा आणि सर असे तिघं स्कॉटलंडच्याही उत्तरेला, शेटलंड बेटांवर गेलो. विमानात सरांनी बिस्किटांचं पाकीट आम्हाला दिलं. स्वतः एका स्टीलच्या डब्यातलं काहीतरी खिडकीकडे तोंड करून खाल्लं.

आमच्या कॉटेजची मालकीण इंगा ही साठीची बाई. तिच्या आजोबांच्या काळात तिथेही बोटींतून दगड टाकत, आरडाओरडा करत व्हेल किनाऱ्याला हाकायचे. सरांनी तिला पहिला प्रश्न विचारला, वाटा कसा करायचे? ती म्हणाली, जमीन ज्याची तो आधी आपला हिस्सा उचलायचा, उरलेलं बाकीच्यांचं. सरांनी मान हलवली. मला मराठीत म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंगानेच दार ठोठावलं. खाली वाळूवर पायलट व्हेलची एक म्हातारी मादी येऊन अडकली होती आणि तिचा कळप खाडीत घिरट्या घालत होता. इंगा किनाऱ्यावरच्या बचावगटात काम करते. तिने घाईघाईत सांगितलं ते एवढंच, की एक वर आली की बाकीच्या मागोमाग येतात. आजोबांच्या वेळी हीच गोष्ट सोयीची होती.

वाळूवर पोचलो तेव्हा शेजाऱ्यांच्या दोन बोटी कळप आणि किनारा यांच्या मधे उभ्या राहिल्या होत्या. तेच जुनं कडं, फक्त उलट्या बाजूने. मादी काळी, चकचकीत, घुमटासारख्या डोक्याची. ती शीळ घालायची आणि पाण्यातून उत्तर यायचं. तिचं अंग ओलं ठेवा, एवढं सांगून सर आणि इंगा तिच्या परांखालची वाळू उकरायला लागले.

मी बादली भरून आणली. आणि काय करतोय हे कळायच्या आत मी ती तिच्या डोक्यावर, बरोबर मधोमध, सावकाश धार धरून ओतायला लागलो. लहानपणापासून हातांना तेच वळण आहे. दगडाची काळी, गुळगुळीत, गोल पिंड दिसली की धार मधोमधच धरायची. माझे ओठसुद्धा हलत होते. तेवढ्यात तिच्या डोक्यावरची एक फट उघडली, धार आत गेली आणि तिच्या सगळ्या अंगातून एक घुसमटलेला आवाज आला.

सरांनी मला अशी ढुशी दिली की मी बादलीसकट वाळूत पडलो.

"नाक हाये ते तिचं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांची बोली पहिल्यांदा ऐकली. "नाकात पानी टाकून राह्यले तुम्ही."

त्यांनी मेधाने कॉटेजमधून आणलेली चादर घेतली, खिशातून कात्री काढली, चादरीला मधोमध गोल भोक पाडलं, ती भिजवली आणि नाकपुडी मोकळी राहील अशी तिच्या डोक्यावर घातली. मग नाकपुडीजवळ पंजा धरून बसले. मी बराच वेळ वाळूतून उठलो नाही. ती मेली तर माझ्या पाण्याने मेली, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

अधिकृत पशुवैद्य दुसऱ्या बेटावरून फेरीबोटीने निघाला होता. भरतीला अवकाश होता. बोटींच्या मधून दोन काळे पर किनाऱ्याकडे सरकले, हाकलले गेले, पुन्हा सरकले. इंगा सरांजवळ येऊन हळू आवाजात बोलली. शेजाऱ्याच्या गाडीत बंदूक आहे. ही गप्प झाली तर बाकीच्या निघून जातील. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही सांगा.

मला वाटलं, सर आता मणक्याबद्दल बोलतील. असं सांगणं हीच त्यांची नोकरी होती.

सर श्वास मोजत राहिले. एक श्वास आला. मग इतका वेळ काहीच नाही, की इंगाने गाडीकडे बघितलं. मग फवारा उडाला, सरांच्या चष्म्यावर.

"वेट," ते म्हणाले.

इंगाने विचारलं, आणि बाकीच्या आल्या तर? सर म्हणाले, तर ती चूक माझी. मला ते 'माझी' लागलं. त्या चुकीचा खरा मालक तिथे बादली धरून उभा होता.

पाणी आलं, पण किती सावकाश. आधी तिच्या पोटाखाली, मग आमच्या गुडघ्यांपर्यंत. सर तिच्या डोक्याशी बसूनच होते, छातीपर्यंत पाण्यात, नाकपुडीवर लाट येऊ नये म्हणून आपली पाठ आडवी धरून. ओठ निळे पडले होते. मेधा म्हणाली, "सर, आता यांना धरू द्या." ते तिच्याशी नाही, मादीशी बोलत होते. "घाई नको, बाई. आधी श्वास."

मग ती उचलली गेली. आम्ही सगळ्यांनी तिला सरळ धरून ठेवलं. ती एकीकडे कलली, सावरली, शेपटीचा एक फटका सरांना निसटता लागला आणि ती बोटींच्या मधून गेली. बाहेर पाठी एकमेकींना घासताना दिसल्या. मग कळप खाडीच्या तोंडाकडे वळला.

किनाऱ्यावर टाळ्या वाजल्या. सर पाण्यातच उभे होते. मी त्यांना आणायला गेलो, माफी मागायला तोंड उघडलं, पण ते आधी बोलले.

"कुलकर्णी साहेब, मी तपासलेलं जनावर आजवर पुढेच गेलंय. आत. जिवंत परत गेलेलं हे पहिलं."

गाडीत हीटर लावला तरी त्यांचे दात वाजत होते. त्यांनी पिशवीतून आमच्यासाठी पाकीट काढलं, तारीख वाचली, खिसे चाचपले. कात्री समुद्रात गेली होती. पाकीट हातात धरून ते बसून राहिले. दाताने फाडणं त्यांच्या नियमात बसेना.

मेधाने पिशवीतला स्टीलचा डबा उचलला. "यात काय आहे?"

"वांग्याची भाजी. पोळ्या." मग ओशाळून, "मीच केलेलं आहे, वहिनी. कालचं."

"मग हेच द्या ना."

ते माझ्याकडे बघत राहिले, नाकपुडीकडे बघत होते तसे. मी तळहात पुढे केला.

सरांनी झाकण मांडीवर ठेवलं आणि त्यावर तीन वाटे घातले. एकात भाजी थोडी जास्त पडली. ती त्यांनी चमच्याने काढून दुसऱ्यात घातली, पुन्हा तिन्हींकडे बघितलं, आणि मगच झाकण पुढे केलं.