एकशे चाळीस पराभव आणि ढमढेरे बाईसाहेब

श्रीगजानन प्रसन्न. लिहिणारास स्मरण असो, वाचणारास धीर असो, आणि ज्यांचे लिहिले त्यांस राग नसो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघमासी एका विद्याराज्यी पेच पडला, तो येणेप्रमाणे. त्या महाविद्यालयी बास्केटबॉलची मुलींची फौज होती, आणि तिच्या सरदार मंदाकिनी ढमढेरे बाईसाहेब, गळ्यात शिट्टी, पायी पांढरे बूट, सव्वीस वर्षे एकाच मैदानी उभ्या. सामने दोनशे अकरा जिंकिले, एकशे चाळीस हरिले, चार वेळां ढाल आणिली, परंतु शेवटली ढाल येऊन अकरा वर्षे जाहली, आणि मग लोक बोलो लागले. त्यांत बाईसाहेबांची एक रीत होती, की सामना कितीही आटीतटीचा असो, शेवटली दोन मिनिटे त्या मोसमी सर्वांत कमी खेळलेली मुलगी बाकावरून उठवून मैदानी उतरवावी. या रीतीपायी यंदाचा अंतिम सामना एका गुणाने गेला, आणि बाईसाहेबांचा करार फाल्गुनी सरत होता, म्हणोन मुदत वाढवावी की निरोप द्यावा, यास्तव त्रिवर्गाची समिती बसली.

समितीत एक विश्वस्त काटकर साहेब, त्यांस शहरातील नवा तरुण प्रशिक्षक आणावयाचा होता. दुसरे प्राचार्य उकिडवे, यांचे मत जो शेवटी बोलेल त्याचे असे. तिसऱ्या ग्रंथपाल शालनताई भिंगारदिवे, या सभेत "साखर नको" याहून अधिक बोलल्याचे दप्तरी नाही. काटकर साहेब बोलिले, "बाई थोर होत्या, वाद नाही. पण होत्या." प्राचार्य बोलिले, "अगदी. परंतु चार ढाली..." "त्या कपाटात आहेत. कपाटाला मुदतवाढ देता का?" "अगदी," ऐसे बोलोन प्राचार्य आपण काय बोलिलो याचाच विचार करीत बसले.

निवाडा होईना, तेव्हा राज्याच्या रिवाजाप्रमाणे बाईसाहेबांकडूनच स्वमूल्यमापनाचा तक्ता भरून मागविला, आणि तो आला तो सर्वांची मती गुंग करणारा. जिंकलेले सामने: शून्य. हरलेले: एकशे चाळीस. काटकर साहेब हर्षिले, "घ्या! बाईच म्हणतात!" मग बाईसाहेबांस हुजूर बोलाविले.

प्राचार्य पुसते जाहले, "मॅडम, ते दोनशे अकरा कोणी जिंकले?"

"मुलींनी. टोपलीत चेंडू मी टाकते का?"

"आणि हरलेले?"

"ते माझे. कोणाला उतरवायचं ते मीच ठरवलं ना?"

"मग जिंकले तेव्हा कोणी ठरवलं होतं?"

यावर बाईसाहेब बोलिल्या, "तेव्हा ते ध्यानात राहत नाही, सर."

तों शालनताईंनी चहा बाजूस सारिला, तक्ता ओढून घेतला, आणि बोट ठेवोन बोलिल्या, "यांतला एक माझा आहे. मी तीन वर्षांत सहा मिनिटं खेळले. शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू माझ्या हातातून सुटला आणि सामना गेला. तो बाईंच्या नावे का? माझा मला द्या."

"गप गं शाले," बाईसाहेब बोलिल्या, "मी उतरवलं होतं तुला."

"उतरवलं तुम्ही, सोडला मी."

मग शालनताईंनी तेथेच जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर हे वर्तमान कळविले, आणि तिसऱ्या दिवसापावेतों ठाण्याहून, नांदेडाहून, एक तर मस्कतेहून, ऐसे एकशे त्रेसष्ट दावे दाखल जाहले. पराभव एकशे चाळीस, दावेदार एकशे त्रेसष्ट! एका सामन्यावर चौघींचा हक्क, आणि एक बाई तर त्या सामन्यी तापाने घरी होती, तरी "मी नव्हते म्हणून हरलो" ऐसे तिचे म्हणणे. काटकर साहेब कपाळी हात मारोन बोलिले, "हरण्यासाठी रांग? हे कसलं कॉलेज आहे!"

तेणेकरून सर्व पराभव ज्याचे त्यास दिले, आणि बाईसाहेबांच्या नावे जय शून्य, पराजय शून्य, सव्वीस वर्षांचा तक्ता कोरा राहिला. कोऱ्या माणसास ठेवावे की काढावे, हे कोणासच उमजेना. प्राचार्यांनी नियमावली उघडली, पुढून वाचली, मागून वाचली, आणि सतराव्या कलमी थांबले: ज्या सेवकाचे नावे कामगिरीची काहीच नोंद नाही, तो नवनियुक्त समजावा, आणि त्यास पारखण्यास्तव दोन वर्षांची मुदत द्यावी.

"पण ही जुनी आहे!" काटकर साहेब कडाडले.

"नोंद दाखवा," शालनताई बोलिल्या. "तुम्हाला नवं माणूस हवं होतं ना? हे घ्या."

शेवटी शालनताई बोलिल्या होत्या, म्हणोन प्राचार्यांनी "अगदी" म्हणोन सही केली.

तात्पर्य इतुकेच. बाईसाहेब सव्वीस वर्षांनी नव्याने रुजू जाहल्या, आणि नव्या सेवकास मैदानाची किल्ली द्यावी तर ती त्यांच्याच गळ्यात शिट्टीशेजारी निघाली. पहिला सामना त्या दोन गुणांनी हरिल्या. शेवटली दोन मिनिटे बाकावरची मुलगी खेळली. बाईसाहेब थोर की नव्हेत, हे लिहिणारास आजवर उमजले नाही. हा पराभव कोणाचा लिहावा, यावर मात्र मैदानी अद्याप भांडण चालू आहे, आणि कोणी मागे हटत नाही.